परत जाता येईल अशी खरेदी : नागपुरात हातची वस्तू आणि गल्लीतलं दुकान निवडताना

मागच्या मे महिन्यात ऐन दुपारी आमच्या कूलरचा पंप बंद पडला. पारा ४५च्या वर, आणि घरात सासूबाई आजारी. हा कूलर आम्ही कितीतरी वर्षांपूर्वी आमच्याच वस्तीत पत्रा कापून कूलर बनवणाऱ्या एका दुकानातून घेतला होता. फोन केला, अर्ध्या तासात तिथला पोरगा नवा पंप पिशवीत घालून आला. पंप बसवला, पाण्याची नळी साफ केली, ताटीतली, म्हणजे कूलरच्या बाजूच्या चौकटीतली, खस हातानं दाबून पाहिली आणि म्हणाला, "काकू, यंदा खस बदलून टाका, पुढच्या वर्षी पाणी धरणार नाही ही." त्याच आठवड्यात शेजारच्या घरी ऑनलाइन मागवलेला दिसायला देखणा कूलर बंद पडला. त्याचा सुटा भाग येईपर्यंत त्यांनी पोरांना आजीकडे पाठवलं.

तेव्हापासून काहीही घेताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते : ज्याच्याकडून घेतेय त्याच्याकडे उद्या परत जाता येईल का? हातानं बनवलेल्या वस्तूंचे आणि जवळच्या दुकानांचे जे फायदे आपण ऐकतो, ते सगळे मला या प्रश्नात सापडले. वस्तू टिकते, कारण दुरुस्त करणारा जवळ असतो. मापात मिळते, कारण बनवणारा समोर असतो. आणि पैसा इथंच फिरतो. त्या कूलरवाल्यानं पत्रा इतवारीच्या बाजारातून आणला, ताटी भरायला मोहल्ल्यातली दोन माणसं लावली, आणि ती माणसं भाजी आमच्याच बाजारातून घेतात.

पण नुसतं "लोकल घ्या" म्हणून भागत नाही. हातची म्हणून मशीनची वस्तू गळ्यात पडते, भाव कळत नाही, ऑर्डर वेळेवर मिळत नाही. हे सगळं मी भोगलंय, म्हणून आता ज्या क्रमानं जाते तो इथं मांडते.

आधी वर्षाची यादी

कागद घ्या आणि घरात वर्षभरात येणाऱ्या वस्तू ऋतूप्रमाणे लिहा. नागपूरचं वर्ष त्याला सोयीचं आहे. उन्हाळ्यात माठ, कूलरची खस, वर्षाची मिरची-हळद, पापड-कुरडया. पावसाळ्यात पोळा, मुलांचा तान्हा पोळा आणि लगेच गणपती. मग नवरात्र, दिवाळीच्या पणत्या, हिवाळ्यात लग्नसराईच्या साड्या.

आता प्रत्येक वस्तूपुढे खूण करा : ही बनवणाऱ्याकडून थेट घेता येईल, ही गल्लीतल्या दुकानातून, आणि हिच्यासाठी मोठं दुकान किंवा ऑनलाइनच बरं. तिसरी खूण करताना मनात अपराधी वाटून घेऊ नका. मोबाइल किंवा रक्तदाब मोजायचं यंत्र कुणी हातानं बनवत नाही. माझ्या यादीत निम्म्याहून जास्त वस्तू पहिल्या दोन खुणांत बसल्या, आणि हे मला आधी कधी लक्षातच आलं नव्हतं.

यादीचा खरा उपयोग वेळेसाठी आहे. हातच्या वस्तूला दिवस लागतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गेलात तर उरलेलं मिळतं, आणि चढ्या भावानं.

कुठं जायचं

बर्डीच्या (सीताबर्डीच्या) मेन रोडवर सगळं मिळतं, पण बनवणारे तिथं फारसे बसत नाहीत. बनवणाऱ्यांसाठी जुन्या नागपुरात, महाल-इतवारीकडे जावं लागतं. महालातली चितार ओळ ही मूर्तिकारांची आणि चित्रकारांची गल्ली. 'चितारी' या शब्दावरूनच तिचं नाव पडलंय. गणपतीच्या दोन महिने आधी तिथं गेलात तर माती, तणस आणि ओल्या रंगाचा वास येतो, आणि मूर्ती घडताना बघता येते. गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून लोक टाळतात. आता मेट्रोच्या अ‍ॅक्वा मार्गिकेवर चितार ओळी चौक नावाचं स्टेशनच आहे, सीताबर्डीहून गाडी न बदलता जाता येतं.

सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात हिवाळ्यात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो. वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर स्वतः बसलेले असतात. मी तिथं पहिल्या दिवशी फक्त बघायला जाते, हातानं काम करून दाखवणाऱ्यांशी बोलते, पत्ता आणि नंबर लिहून घेते, आणि दुसऱ्यांदा घ्यायला जाते. मेळ्यात किंवा कुठल्याही प्रदर्शनात सगळेच बनवणारे नसतात, काही नुसते विकणारेही असतात. ओळखायला एक सोपा प्रश्न आहे : "यात सगळ्यात अवघड काम कोणतं?" बनवणारा माणूस लगेच बोट ठेवून दाखवतो आणि मग थांबतच नाही.

एक दिवस सोडून बाकी कधीही जा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे वाईटाच्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, जुन्या वस्तीतले रस्ते माणसांनी भरून जातात. त्या दिवशी मारबत बघायला जावं, खरेदीला नाही.

कापड : इथं सगळ्यात जास्त फसगत होते

मी स्वतः फसलेय. एका प्रदर्शनातून 'हातमागाची' म्हणून घेतलेली टसर साडी दोन धुण्यांत चकाकायला लागली, आणि घरी धागा जाळून पाहिला तर त्याचा कडक मणी झाला. पॉलिएस्टर होतं. पुढचे सहा महिने मी विणकरांना आणि जुन्या कापड दुकानदारांना विचारत फिरले. त्यातून जे कळलं ते असं.

विदर्भाला विणकामाची मोठी परंपरा आहे. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, तरी विणकर कोष्टी समाजाचे माग त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले. भंडारा जिल्ह्यातलं मोहाडी आणि आंधळगाव, चंद्रपूर जिल्ह्यातलं नागभीड ही टसर विणणारी गावं. टसरचे कोश आपल्याच पूर्व विदर्भातल्या जंगलात ऐन आणि अर्जुन या झाडांवर होतात. म्हणजे झाडापासून साडीपर्यंतचा सगळा प्रवास विदर्भातच होऊ शकतो. असं भाग्य फार थोड्या कापडांना लाभलंय. इथली ओळखीची साडी म्हणजे करवत काठी. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते, आणि तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तीन धोटे (आडवा धागा नेणारी मागाची अवजारं) चालवून अंगाचा आणि काठाचा आडवा धागा एकमेकांत अडकवतात, त्यामुळे काठाचा रंग भरीव राहतो.

दुकानात साडी उलगडली की या गोष्टी बघा. काठाच्या अगदी कडेला बारीक छिद्रं शोधा. मागावर कापड ताणून धरायला आडवी काठी लावतात, तिच्या टोकांच्या खिळ्यांची ती छिद्रं असतात. विणकर ती काठी अधूनमधून हातानं पुढं सरकवतो, म्हणून छिद्रं काही बोटांच्या अंतरानं आणि थोडी मागंपुढं दिसतात. पॉवरलूमवर ती सलग, एकसारख्या ओळीत येतात. मग साडी उलटी करा. छापलेली नक्षी उलट्या बाजूनं फिकी पडते, विणलेली पडत नाही. शेवटी कापड उजेडाकडे धरा. हातमागाची वीण जिवंत असते, कुठं धागा किंचित जाड, कुठं पातळ. टसरमध्ये तर हे हमखास दिसतं, आणि तिचा मूळ रंग मधासारखा तपकिरी-सोनेरी असतो. फार गुळगुळीत आणि फार चमकदार टसर दिसली की मी ती खाली ठेवते.

शंका राहिलीच तर पदराच्या टोकाचा एक धागा मागून घ्या आणि जाळा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि राख बोटांत चुरते. सूत कागदासारखं जळतं. पॉलिएस्टर वितळून घट्ट गोळी होते. चांगला दुकानदार धागा द्यायला कधी नाही म्हणत नाही.

शिक्क्यांबद्दल एक गोंधळ नेहमी होतो. 'सिल्क मार्क' सांगतो की धागा शुद्ध रेशमाचा आहे, पण तो हातमागावर विणला की यंत्रावर हे सांगत नाही. 'हँडलूम मार्क' सांगतो की विणकाम हातमागाचं आहे, पण धाग्याच्या शुद्धतेची हमी त्यात नसते. टसर साडी घेताना दोन्ही शोधा. आणि खादी ही तिसरीच गोष्ट : तिच्यात विणकाम तर हातचं असतंच, सूतही हातानं कातलेलं असतं. साध्या हातमागाला बहुतेकदा गिरणीचं सूत लागतं, त्यात कमीपणा काही नाही, फक्त आपण काय घेतोय ते माहीत असावं. खादी समजून घ्यायची असेल तर एक दिवस वर्ध्याला जा. गांधीजींच्या हस्ते १९३८ साली सुरू झालेलं मगन संग्रहालय तिथं आहे. चरखे, माग आणि ग्रामोद्योगाची अवजारं डोळ्यांनी पाहिली की एका मीटर कापडामागं किती हात असतात ते कळतं.

विणकराचं नाव आणि गाव बिलाच्या मागं लिहून घ्या. मी तसं केल्यामुळे दोन वर्षांनी त्याच माणसाकडून त्याच काठाची दुसरी साडी विणून घेऊ शकले, बहिणीसाठी.

तान्ह्या पोळ्याचा बैल

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मुलं लाकडी बैल सजवून घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी ही प्रथा १८०६ च्या सुमारास सुरू केल्याचं सांगतात. इथल्या सुतारांचं हे वर्षातलं मोठं काम, आणि हातची वस्तू निवडायला शिकायची तर सुरुवात या बैलापासून करावी.

बैल उचला आणि पोटाखालून बघा. तिथं रंग कमी असतो, लाकडाचं खरं रूप दिसतं. भेगा लांबी भरून दडवल्या असतील तर इथंच कळतं. मग पाय बघा. लाकडाच्या रेषा पायाच्या लांबीनं, म्हणजे वरून खाली गेलेल्या हव्यात. रेषा आडव्या असतील तर पाय एका आपटण्यात तुटतो, आणि मुलं बैल आपटतातच. शिंगांनाही हाच नियम. बैल आकाराच्या मानानं फारच जड लागला तर लाकूड ओलं असू शकतं. पावसाळ्यात कापलेलं ओलं लाकूड दिवाळीपर्यंत तडकतं. चाकं हातानं फिरवा, चारही चाकं जमिनीला टेकतात का पाहा. रंगाचा वास उग्र असेल तर घरी आणल्यावर चार-पाच दिवस हवेशीर जागी ठेवा, मगच बाळाच्या हातात द्या.

तयार बैल पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी घ्यावा. मोठा, नातवाला बसता येईल असा हवा असेल तर सुताराला उन्हाळ्यातच सांगून ठेवा, वाळलेलं लाकूड त्याला तेव्हा निवडता येतं.

गणपतीची मूर्तीही तशीच खालून बघायची. तळाला रंग नसलेल्या जागी पाण्याचं बोट लावून चोळा. माती असेल तर बोटाला चिखल लागतो, प्लास्टर ऑफ पॅरिस असेल तर लागत नाही. वजनानं मातीची मूर्ती जास्त भरते, म्हणून जिन्यानं न्यायची असेल तर उंचीचा मोह आवरा.

माठ, बांबू, पितळ

माठ बोटानं वाजवून पाहा. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली, बद्द आला तर कुठंतरी चीर आहे. बाहेरून ऑइल पेंटनं रंगवलेला माठ घेऊ नका. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपून वाळतं म्हणून माठ गार होतो, रंगानं ती छिद्रंच बुजतात. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत माठ जितका गार होतो तितका दमट गावात होत नाही, हे नागपूरकरांचं सुख. नवा माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, पहिलं पाणी ओतून द्या, आणि धुताना साबण लावू नका, काथ्यानं घासा.

बांबूचं सूप, टोपली, डाली घेताना वस्तू पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा. पिवळसर भुकटी पडली आणि बारीक भोकं दिसली तर आत कीड आहे. ती घरातल्या बाकी बांबूलाही लागते. "बांबू कधी तोडलेला?" असं विचारा. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेल्या बांबूला कीड कमी लागते. बांबूकाम करणाऱ्या बुरूड समाजातले जाणते लोक हे बरोबर सांगतात.

पितळेसाठी भंडारा आपल्याला जवळच. खिशात लोहचुंबक ठेवा. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे, पितळ वरवरचं. स्वयंपाकाचं भांडं असेल तर आतून कल्हई हवी, कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, चिंच, लिंबू कधीही ठेवायचं नाही. आणि कल्हईवाला कुठं बसतो हे भांडं घेतानाच विचारून घ्या.

खाण्याचं

बचत गटाच्या बायकांकडून मी पापड, सरगुंडे, मुगाच्या वड्या, लोणचं घेते. पाकिटावर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक, बनवल्याची तारीख आणि वजन आहे का, एवढं बघा. नसेल तर रागावू नका, ताईला सांगा की नोंदणी करून घे, तुझं दुकानातही चालेल. आमच्या भागातल्या एका गटाला हे सांगितलं तेव्हा त्यांना ती प्रक्रिया माहीतच नव्हती. आता त्यांच्या पाकिटावर क्रमांक आहे.

मिरची-हळदीत नागपूरच्या माणसाला बाहेर बघायची गरज नाही. भिवापूरची मिरची नागपूर जिल्ह्यातली, वायगावची हळद वर्धा जिल्ह्यातली, दोघींना भौगोलिक मानांकन आहे. अख्खी मिरची आणि अख्खं हळकुंड घ्या, दोन दिवस ऊन दाखवा, आणि जवळच्या कांडपावर समोर उभं राहून दळून आणा. नाकाला रुमाल बांधावा लागतो, पण वर्षभराच्या भाजीला त्याचा रंग येतो.

भाव आणि बिल

घासाघीस करावी की नाही यावर आमच्या घरात दरवर्षी वाद होतो. माझी रीत अशी : आधी विचारायचं, "किती दिवस लागले?" समजा टोपलीला दीड दिवस लागला आणि ती ४०० रुपयांना आहे. त्यातून बांबूचे पैसे वजा करा, उरलेल्याला दीडनं भागा, आणि घरी रंग द्यायला येणाऱ्या माणसाला आपण एका दिवसाची किती रोजी देतो ती आठवा. टोपलीवाल्याची रोजी त्याहून कमी निघाली तर भाव करायला जागा नाही. बहुतेक वेळा ती कमीच निघते, आणि आपला हात आपोआप खिशात जातो. दुकानात, जिथं विकणारा मधला माणूस आहे, तिथं मात्र जरूर भाव करा.

छोट्या कारागिराकडे जीएसटी क्रमांक नसतो म्हणून लोक शंका घेतात. नुसत्या वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. अशा विक्रेत्यानं बिलावर जीएसटी मात्र लावायचा नसतो. साध्या कागदावर तारीख, वस्तू, रक्कम आणि फोन नंबर, एवढं बिल पुरतं. पैसे शक्यतो यूपीआयनं द्या, दोघांकडे नोंद राहते.

ऑर्डर देताना माप, रंग, तारीख आणि दिलेली उचल व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि त्यांच्याकडून "हो" घ्या. पूर्ण पैसे आधी देऊ नका, पण कच्च्या मालाचे तर द्याच, कारण बऱ्याच कारागिरांकडे तेवढंही भांडवल नसतं. तारखेत आठवडा जास्तीचा धरा. आणि काम सुरू झाल्यावर रंग बदलायला सांगू नका.

गल्लीतलं दुकान

सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत दुर्लक्षित. महिन्याचा किराणा कोपऱ्यावरच्या दुकानाला यादी पाठवून मागवा, बहुतेक जण घरी पोचवतात. खराब डाळ निघाली तर ते काही न विचारता बदलून देतात, कारण तुम्ही उद्या परत त्याच दारावरून जाणार असता. कोविडच्या टाळेबंदीत आमच्या घरी दूध आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, त्याच दुकानातून आलं, पैसे नंतर दिले तरी चाललं.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. दुकानात जाऊन चप्पल घालून बघायची, माप कळलं की घरी येऊन ऑनलाइन मागवायची, असं करू नका. त्या दुकानदारानं दिलेला अर्धा तास ही त्याची कमाई असते. भाव जास्त वाटला तर तोंडावर सांगा, "तिकडे इतक्याला मिळतंय." दहापैकी सहा वेळा मला मधला भाव मिळालाय, आणि बाकी चार वेळा फरक का आहे ते कळलंय : कधी चामडं खरं असतं, कधी तळ शिवलेला असतो.

वस्तू घेतल्यावर तीन-चार महिन्यांनी बनवणाऱ्याला फोटो पाठवा, कशी टिकली ते सांगा. काही बिघडलं असेल तर तेही. माझ्या टोपलीची कड सुटली होती, फोटो पाहून त्यांनी पुढच्या सगळ्या टोपल्यांची कड दुहेरी बांधायला घेतली.

आमच्या घरातला लाकडी बैल माझ्या नवऱ्याच्या लहानपणीचा. गेल्या वर्षी त्याचं एक शिंग हलायला लागलं होतं आणि रंग उडाला होता. महालात ज्या सुताराकडून सासऱ्यांनी तो घेतला त्यांचा मुलगा आता तिथं बसतो. त्यानं बैल हातात घेतला, पोटाखालून पाहिला आणि म्हणाला, "बाबांच्या हातचा आहे." शिंग बसवलं, पांढरा रंग दिला, डोळे मात्र जुनेच ठेवले. तान्ह्या पोळ्याला माझी नात तो ओढत पाच घरं फिरली.